बावीस गुंठे आणि एक डबा

माझं घर पाच सेंटिमीटरवर अडलं. तेही एकदा नाही, दोनदा.

याची गंमत कळायला आधी एक सांगायला हवं. मी २९ वर्षं एका नगरपालिकेच्या बांधकाम विभागात नोकरी केली. आरेखक म्हणून लागले आणि शेवटची बरीच वर्षं आलेले नकाशे तपासायचं काम केलं. लाल पेन, स्केल आणि चहाचा ग्लास. लोकांच्या घरांतले असे पाच-पाच सेंटिमीटर मी किती शोधून काढले असतील, त्याचा हिशेब देवाकडेच असेल. 'खोली क्र. २ ची रुंदी कमी, त्रुटी पूर्तता करून फेरसादर करावे.' हे वाक्य मी झोपेतही लिहू शकते.

निवृत्त झाल्यावर ठरवलं की महिन्यातले पंधरा दिवस गावी काढायचे. गाव रत्नागिरी जिल्ह्यात. वडिलांच्या वाटण्या झाल्या त्यात माझ्या नावावर सड्यावरचे, म्हणजे वरच्या कातळपठारावरचे, २२ गुंठे आले आणि खाली पडक्या घराची जागा आली, तीही भावकीतली, तीन गुंठ्यांची. सड्यावर कातळ आहे, काजूची चौदा झाडं आहेत आणि संध्याकाळी पार खाडीपर्यंत दिसतं. त्या पडक्या घराकडे मी तेव्हा बघितलंही नाही. नजर सगळी सड्यावर.

माझा भाचा अमेरिकेत पोर्टलंडला असतो. तिथे त्याच्या मित्राने एकाच्या मागच्या अंगणात चाकांवरचं घर आणून ठेवलंय आणि त्यात तो राहतो. रीतसर! पोर्टलंडने २०२१ पासून राहत्या घराच्या आवारात असं एक चाकांवरचं घर ठेवायला आणि त्यात राहायला मुभा दिली. भाच्याने व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, "मावशी, तुझ्या सड्यावर हे ठेवू."

मला चाकं नको होती. पण डबा, म्हणजे मालवाहू कंटेनर, डोक्यात बसला. वीस फुटी डबा घ्यायचा, खिडक्या कापायच्या, एका टोकाला मोरी, दुसऱ्या टोकाला पलंग. एकट्या बाईला आणखी काय लागतं? मी लगेच कागद घेऊन बसले. २९ वर्षांची सवय.

डब्याची बाहेरची मापं साधारण ६.०६ मीटर गुणिले २.४४ मीटर. आत मात्र रुंदी उरते २.३५. आणि आपल्या बांधकाम नियमांत राहण्याच्या खोलीची किमान रुंदी २.४० मीटर लागते. पाच सेंटिमीटर गेले. बरं, उंची? साध्या डब्यात आतून २.३९. उंच डबा मिळतो, 'हाय क्यूब' म्हणतात त्याला, त्यात २.७० पर्यंत जाते. नियम म्हणतो २.७५. परत पाच सेंटिमीटर! आणि हे नुसत्या पत्र्याचं माप. उष्णता अडवायला आतून थर दिला, वर प्लायवूड मारलं, की दोन्हीकडून आणखी कमी.

क्षेत्रफळाचं तर बोलूच नका. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे एक खोली ९.५ चौरस मीटर, वेगळं स्वयंपाकघर ५, एकत्र न्हाणी-संडास २.८. बेरीज १७.३. डब्याच्या आत आहेत जेमतेम १४. म्हणजे जो डबा जगभर फिरून आला, तो माझ्या लाल पेनापुढे नापास.

मला एक पानवाले आजोबा आठवले. दुकानावर माळा काढून त्यात राहायचं म्हणत होते, उंची दोन मीटर दहा. मी नकाशा परत केला. ते म्हणाले, "बाई, माझीच उंची पाच फूट दोन इंच. मला पावणेतीन मीटर कशाला?" मी म्हटलं, "हवेसाठी, आजोबा." त्यांनी असं काही बघितलं माझ्याकडे की बस. तेव्हा मला वाटलं होतं, हे फक्त म्हणायचं उत्तर आहे. नंतर पनवेलजवळच्या एका यार्डात, मे महिन्यात, दुपारी एक वाजता डब्याच्या आत दहा मिनिटं उभी राहिले आणि कळलं की उत्तर खरं होतं. वितळायचीच बाकी राहिले होते. तिकडे अमेरिकेत त्यांच्या निवासी संहितेने २०१८ च्या आवृत्तीत ४०० चौरस फुटांच्या आतल्या घरांसाठी वेगळं परिशिष्ट जोडलं, त्यात छत ६ फूट ८ इंचांवर चालतं, माळ्यावर झोपायला शिडी चालते. अर्थात ते परिशिष्ट ज्या राज्याने किंवा शहराने स्वीकारलं तिथेच लागू. आपल्याकडे असं परिशिष्टच नाही. नियमाच्या पुस्तकात बंगला आहे, चाळ आहे, शेतघर आहे, गोठा आहे. 'छोटं घर' नावाची चीज नाही.

तरी मला वाटलं, मापांचं काहीतरी जमवू. डबे दोन जोडले, मधली भिंत कापली की रुंदीचा प्रश्न मिटतो. खरी अडचण मापांची नव्हतीच, हे कळायला मला तलाठी कार्यालयात जावं लागलं. नगरपालिकेत इतकी वर्षं काढली, पण जमीन बिनशेती झालेली आहे असंच समोर यायचं. माझ्या टेबलाच्या अलीकडे काय होतं ते मी कधी बघितलंच नव्हतं.

तलाठी भाऊसाहेब तरुण होते, शांत होते. सातबारा बघितला आणि विचारलं, "मॅडम, बावीसच गुंठे?"

शेतजमिनीवर शेतकऱ्याने घर बांधणं हा गुन्हा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये 'शेतघर' याची व्याख्या चांगली ऐसपैस आहे: अवजारं ठेवायची जागा, खत, वैरण, पीक, गुरं, आणि हो, जमीनधारकाच्या कुटुंबाला, गड्यांना, कुळांना राहायची जागासुद्धा. आपला मांगर, काजूच्या मोसमात राखणीला राहायची खोपी, सगळं यात बसतं. वाचून मी खूश झाले. मग कलम ४१ पुढे वाचलं. जिथे शेतघराला परवानगी लागते तिथे अट अशी: धारण क्षेत्र ०.४ हेक्टरपेक्षा कमी असेल तर परवानगीच नाही. ०.४ हेक्टर म्हणजे ४० गुंठे, एक एकर. त्या एक एकरावर जोत्याचं क्षेत्र १५० चौरस मीटरपर्यंत चालतं. ०.६ हेक्टरच्या वर जमीन असेल तर ४०० पर्यंत. तळमजलाच, उंची पाच मीटरच्या आत. आमचा जिल्हा प्रादेशिक योजनेत, त्यामुळे सड्यावरही परवानगी आलीच.

आता बघा. एक एकरवाल्याने सोळाशे चौरस फुटांचं, तीन बेडरूमचं शेतघर बांधलं तर चालतं. माझ्या २२ गुंठ्यांना त्याच प्रमाणात ऐंशी चौरस मीटर यायला हवेत. मी मागत होते पंधरा. आणि मला उत्तर मिळालं शून्य.

मी तिथेच हिशेब करून दाखवला. भाऊसाहेब हसले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही घर मोजताय. नियम जमीन मोजतो."

रागाने घरी आले. पण नियम का आला तेही मला माहीत आहे, नाकारून काय उपयोग. मुंबई-पुण्याच्या आसपास 'फार्महाऊस प्लॉट' म्हणून एक-एक, दोन-दोन गुंठे विकले गेले. रस्ता नाही, पाणी नाही, मोजणी नाही, आणि प्रत्येक तुकड्यावर एक पत्र्याची खोली. त्या खोल्यांचे मालक मग आमच्या टेबलावर यायचे, रडायचे. ती विक्री थांबवायला एक एकराची भिंत घातली. भिंतीच्या अलीकडे वाटणीत २२ गुंठे आलेली एखादी लेकही उभी असेल, हा विचार कोणी केला नसावा. कोकणात तर बहुतेक सगळे भिंतीच्या अलीकडेच.

मग मी ४० गुंठे करायला निघाले. शेजारी चुलतभावाचे ३० गुंठे आहेत, कातळच, काही पिकत नाही. त्याला म्हटलं, "दादा, अठरा गुंठे मला दे, रीतसर पैसे घे." तो ओटीवर पान जुळवत बसला होता. म्हणाला, "अगो बाय, तुला अठरा दिले तर माझ्याकडं काय ऱ्हायलं?" मी म्हटलं, "बारा." म्हणाला, "मंग बाराचं मी काय करू?"

तो सहज बोलला, पण कायदा अगदी तेच बोलतो. तुकडेबंदी कायदा १९४७ चा. प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पडेल असा व्यवहार करता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये शासनाने हे प्रमाणभूत क्षेत्र बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केलं. पूर्वी ठिकठिकाणी त्याहून जास्त होतं, म्हणजे ही सवलतच. पण दादाकडे १२ उरणार, म्हणजे तुकडा. घ्यायचे तर पूर्ण ३० घ्या. तेवढे पैसे माझ्याकडे नव्हते आणि विकायचं त्याच्या मनातही नव्हतं. आम्ही दोघांनी पान खाल्लं आणि विषय संपवला.

भाचा म्हणाला, "मग चाकं लाव ना मावशी! घर नाही, गाडी म्हण."

ही युक्ती पुष्कळांना सुचते. मला रिसॉर्टवाल्यांनीही सांगितली. पण 'इमारत' याची आपल्या नियमांतली व्याख्या फार जुनी आणि फार हुशार आहे: कोणत्याही कारणासाठी, कोणत्याही साहित्याने केलेली रचना, तिथे माणूस राहो न राहो. वीट असो, पत्रा असो, काच असो. शिवाय नगररचना कायदा 'विकास' म्हणतो त्यात जमिनीच्या वापरातला बदलही येतो. चाकांवर घर ठेवलं, खाली शोषखड्डा खणला, वीज जोडली, वर्षभर राहिलात, तर वापर बदललाच. आणि ते खरोखर वाहन असेल तर आरटीओची नोंदणी हवी, रुंदी २.६० मीटरच्या आत हवी. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण ते फिरणाऱ्यांसाठी आहे. मला फिरायचं नव्हतं, बसायचं होतं.

आणि हे सगळं जमलं असतं तरी आमच्या सड्यावर जायला पाखाडी आहे. एकशे चार पायऱ्या, मी मोजल्यात. तिच्यावरून गाडी काय, हातगाडी जात नाही. दुसऱ्या बाजूने बैलगाडीची वाट आहे, तिच्या वळणावर एक फणस आहे. सव्वादोन टनांचा डबा घेऊन ट्रक त्या वळणावर कसा फिरणार होता, हा प्रश्न यार्डातल्या माणसाने मला पहिल्या दिवशी विचारला होता. मी म्हटलं होतं, बघू.

एक एजंटही भेटला. तो म्हणाला, डबा आणून ठेवा, ग्रामपंचायतीत घरपट्टी लावून घ्या, मीटर आपोआप येतं, झालं घर. मी या भानगडीत पडले नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. कर घेतला म्हणजे बांधकाम मान्य केलं असं नाही, आणि मालकी तर त्याने अजिबात सिद्ध होत नाही. मी नोकरीत असताना दहा-दहा वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या फाईलला टाचून लोक यायचे. त्यांना 'नाही' सांगणारी मीच होते. आता मीच पावती टाचून कोणापुढे उभी राहू?

शेवटची आशा त्याच महसूल संहितेतलं कलम ४२-ड. गावठाणाच्या, म्हणजे गावच्या मूळ वस्तीच्या जागेच्या, हद्दीपासून २०० मीटरच्या आत जमीन असेल आणि प्रादेशिक योजनेत ती बांधण्याजोगी असेल, तर निवासी वापरासाठी वेगळी बिनशेती परवानगी लागत नाही. रूपांतर कर आणि बाकीची रक्कम भरली की तेव्हा सनद मिळायची. भाच्याने उपग्रह नकाशावर बोट फिरवून सांगितलं, १९० मीटर! मी नाचायची बाकी. मग मोजणीच्या वेळी भूकरमापकांनी गावनकाशा उघडला. भाच्याने मोजलं होतं शाळेपासून. गावठाण शाळेपर्यंत येतच नाही. आमच्या गावात गावठाण म्हणजे देवळाभोवतीचा एक ठिपका. घरं मात्र सात वाड्यांत पसरलेली. ठिपक्याच्या कडेपासून माझा बांध निघाला ३४० मीटर.

पण त्याच नकाशात दुसरी एक गोष्ट दिसली. आमचं पडकं घर ठिपक्याच्या आत होतं.

मे २०२१ च्या तौक्ते वादळात त्याचं छप्पर गेलं आणि त्या पावसात मातीच्या भिंती बसल्या. जोतं शाबूत होतं, जांभ्याचं, आजोबांनी घातलेलं. घर क्रमांक होता. दादा दर वर्षी इमानाने घरपट्टी भरत होता आणि मला कधी बोलला नव्हता. भावकीची संमतीपत्रं घ्यायला दोन महिने गेले. कोणाचा विरोध नव्हता. एक काकू सुरतला असतात आणि त्यांना गुडघेदुखी आहे, एवढंच.

गावठाणातलं काम मग इतकं सरळ निघालं की मलाच संशय आला. ग्रामीण भागात गावठाणाच्या आत ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला नगररचना कार्यालयाच्या मंजुरीची गरज नाही, असं ग्रामविकास विभागाने २०२१ मध्येच ठरवलं होतं. मालकीची कागदपत्रं, परवानाधारक वास्तुविशारदाच्या सहीचा नकाशा आणि दाखला, शुल्काची पावती, आणि ग्रामपंचायतीकडे अर्ज. नकाशा अर्थातच मी काढला, सही दुसऱ्याची घेतली. खोली ३.०० गुणिले ३.६०. स्वयंपाकघर २.१० गुणिले २.५०. न्हाणी-संडास १.२० गुणिले २.४०. पुढे ओटी. भिंती धरून ३० चौरस मीटर. भिंतीची उंची २.९० ठेवली. म्हटलं, या वेळी सेंटिमीटर माझ्या बाजूला राहू देत.

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी नकाशा उलटा-सुलटा करून बघितला. "मॅडम, बाकीचं पुढच्या पानावर आहे का?"

"बाकीचं काही नाही. एवढंच."

"मग नंतर वाढवणार असाल ना?"

"नाही."

त्यांनी सरपंचबाईंकडे बघितलं. सरपंचबाई म्हणाल्या, "ताई, पाहुणे आले की झोपणार कुठं?" या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच अर्जात मागितलेलं नव्हतं, तरी मी द्यायला हवं होतं असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मी म्हटलं, ओटीवर.

खर्च आला आठ लाख चाळीस हजार. स्वतःच्या राहत्या घराचा खर्च दहा लाखांच्या आत असला की बांधकाम कामगारांचा एक टक्का उपकर तेव्हा लागत नव्हता, त्यामुळे तेवढे वाचले. चिरे गावातल्याच खाणीचे. कौलं जुन्या घराची दोनशे सत्तर निघाली शाबूत, उरलेली घेतली. आगोटीच्या आधी छप्पर चढलं पाहिजे म्हणून गवंड्याच्या मागे लागले, तर तो म्हणाला, "ताई, घर केवढं आणि घाई केवढी!"

यार्डवाल्याने डब्याचा विसार परत केला, पंधरा हजार कापून. त्याची चूक नव्हती.

हे सगळं २०२३ आणि २०२४ मधलं आहे. जमिनीचे नियम आपल्याकडे दर अधिवेशनात हलतात, तेव्हा माझ्या लिहिण्यावर जाऊन कोणी विसार देऊ नका. आधी सातबारा आणि गावनकाशा घेऊन तलाठ्याकडे जा, मग डबेवाल्याकडे. मी उलटं केलं.

वास्तुशांतीला साठ माणसं आली. पूजेला घरात सातजण बसले आणि गुरुजींनी होम ओटीवर घेतला. जेवणं कुठे घालायची? दादा म्हणाला, सड्यावर मांडव घालू. मी दचकलेच, २९ वर्षांची सवय. मग आठवलं. 'इमारत' याच्या त्याच व्याख्येत शेवटी एक ओळ आहे: तात्पुरत्या आणि समारंभाच्या निमित्ताने उभारलेले तंबू, शामियाने, ताडपत्रीचे आडोसे यांना इमारत समजू नये.

म्हणून मांडव घातला. चौदा काजूंच्या मधोमध, बांबू आणि हिरवी ताडपत्री, उंची असेल दोन मीटर. डोक्यावर भांडी घेऊन बायका पाखाडी चढल्या. रात्री सगळे खाली गेल्यावर मी चटई टाकून तिथेच झोपले. खाडीवरून वारा येत होता, अडवायला काही नव्हतं.

सकाळी साडेसहाला मांडववाला बांबू सोडवायला आला. खालच्या वाडीत लग्न होतं.